सहा मिलिमीटरचं भोक

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील गणेशोत्सवात, तिसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला सांगितलं, ‘काका, तुम्ही तेरा वर्षं खजिनदार होतात, संस्थेच्या आठवणी सांगा.’ आठवणी सांगायच्या तर पाण्याच्याच सांगाव्या लागतील. बाकी आपल्याकडे झालं काय? रंगावरून भांडण, पार्किंगवरून भांडण, जिन्यातल्या चपलांवरून भांडण. पण पाण्यावरून आपण जे भांडलो ते वेगळंच होतं. त्यातली एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. आमच्या सौभाग्यवती दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्यांनाही नाही. ती आज सांगणार आहे. त्या आधी थोडं विज्ञान. मी बी.कॉम. झालेला माणूस, तेव्हा चूक झाली तर आपल्या इमारतीत इंजिनीअर भरपूर आहेत, त्यांनी दुरुस्त करावी.

नवीन सभासदांसाठी सांगतो. आपली इमारत पार्किंग अधिक सात मजली. गच्चीवर टाकी. टाकीतून चार डाउनटेक लाइनी खाली येतात आणि प्रत्येक लाइनीवर वर-खाली सात घरं. सुरुवातीची तीन वर्षं पाणी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास सोडलं जायचं. वॉचमनने व्हॉल्व्ह फिरवला की पहिल्या मजल्यावर नळाखालची बादली नाचायची आणि सातव्या मजल्यावर नळ नुसता फुसफुस करायचा. खालच्यांच्या टाक्या भरल्या, त्यांचे नळ बंद झाले, की मग वरच्यांच्या नळाला धार. तोवर तास संपत आलेला. वरचे म्हणायचे, खालचे उधळतात. खालचे म्हणायचे, आम्ही काय मुद्दाम ओढतो का? दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं.

मुलांनो, ही बाटली बघा. तीन भोकं पाडली आहेत, वर, मध्ये, खाली. बोट काढतो. बघितलंत? सगळ्यांत खालच्या भोकातून पाणी जोरात येतं, कारण त्याच्या डोक्यावर पाण्याचा भार जास्त. गॅलिलिओचा शिष्य तोरिचेल्ली याने १६४४ साली याचा नियम लिहून ठेवला. पाण्याची उंची चौपट झाली की धारेचा वेग दुप्पट होतो, चौपट नाही. नऊपट उंचीला तिप्पट. आता आपली इमारत घ्या. टाकीतल्या पाण्यापासून सातव्या मजल्याचा नळ साधारण ३ मीटर खाली, पहिल्या मजल्याचा २१ मीटर. उंची सातपट, म्हणजे वेग अडीचपटीहून थोडा जास्त. सारखाच नळ, सारखीच पाणीपट्टी, आणि पाणी अडीचपट.

हे गणित मला पाचव्या मजल्यावरच्या आपल्या इन्स्ट्रुमेंटेशनवाल्या साहेबांनी समजावलं. त्यांनीच २००३ च्या वार्षिक सभेत उपाय सुचवला: प्रत्येक घराच्या फाट्यावर जो युनियन जोड असतो, त्यात भोक पाडलेली पितळी चकती बसवायची. त्यांच्या भाषेत ऑरिफिस प्लेट. सभेत हशा पिकला. लाखभर रुपयांची मोठी लाइन टाकायला निघालेली संस्था, आणि हे गृहस्थ वायसर बसवा म्हणतात!

मी मात्र हसलो नाही, कारण ही चकती मी आधी पाहिली होती. १९८४ साली माझी बदली ऊस पट्ट्यातल्या एका शाखेत झाली होती. साखर कारखान्याच्या मालतारण कर्जासाठी गोदामातली पोती मोजायला जावं लागे. पोती मोजून झाली की तिथले इंजिनीअर चहाला थांबवायचे. एकदा त्यांनी बॉयलर हाउस दाखवलं. वाफेच्या जाड पाइपात दोन फ्लँजांच्या मध्ये एक स्टीलची चकती दाबून बसवलेली. तिची दांडी पाइपाबाहेर डोकावत होती. चकतीच्या अलीकडून एक आणि पलीकडून एक अशा दोन बारीक नळ्या निघून एका यंत्रात गेलेल्या, आणि यंत्रातलं पेन गोल कागदावर रेघ काढत होतं. चोवीस तासांचा एक कागद. बँकेतल्या लेजरसारखाच तो रोज फाइल व्हायचा.

तत्त्व सोपं आहे. रस्त्यात अडथळा ठेवला की वाफ असो की पाणी, अरुंद भोकातून पळत जावं लागतं. वेग वाढला की दाब उतरतो. अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब यांतला फरक मोजला की प्रवाह किती ते कळतं. आत फिरणारं चक्र नाही, स्प्रिंग नाही, काही नाही. नुसतं भोक.

त्या गोल कागदावरच्या रेघा मला छपाईची चूक वाटल्या होत्या. आतल्या बाजूला दाट आणि कडेला विरळ. इंजिनीअर हसून म्हणाले, ‘साहेब, हे वर्गमुळाचं कोष्टक आहे. दाबातला फरक चौपट झाला तर प्रवाह दुप्पट धरायचा. फरक अर्धा झाला म्हणून वाफ अर्धी झाली असं समजाल तर फसाल, ती अजून सत्तर टक्के चालू असते.’ व्याजाच्या कोष्टकांत आयुष्य गेलेल्या माणसाला हे लगेच पटलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, ती नीट ऐका, पुढे लागणार आहे. चकतीच्या भोकाची प्रवाहाकडची कड धारदार असावी लागते. पाणी तिथे एकदम वळू शकत नाही, म्हणून भोकातून बाहेर पडल्यावरही धार आणखी आकसते. भोकाच्या क्षेत्रफळाच्या साधारण ६२ टक्केच होते. सगळा हिशोब या आकसण्यावर बसवलेला असतो. कड झिजून बोथट झाली की धार कमी आकसते, भोकातून जास्त जातं आणि मीटर खरं असेल त्यापेक्षा कमी दाखवतो. चकती उलटी बसली तरी तेच. म्हणून ती बाहेर आलेली दांडी. तिच्यावर भोकाचं माप कोरलेलं असतं आणि प्रवाहाची बाजू कुठली तेही. पाइप न खोलता कुणीही वाचावं.

आपल्याकडे मोजायचं नव्हतं, अडवायचं होतं. तेवढा फरक सोडला तर चीज एकच. साहेबांनी कागदावर हिशोब मांडला. सातव्या मजल्याला १० मिलिमीटरचं भोक धरलं, तर तेवढंच पाणी पहिल्या मजल्याला मिळायला ६ मिलिमीटर पुरतं. मधल्यांची मापं अशी: दुसरा आणि तिसरा साडेसहा, चौथा सात, पाचवा साडेसात, सहावा साडेआठ. सातव्याला चकती नाहीच. चार लाइनी, सहा मजले, २४ चकत्या. एका प्लंबर मिस्त्रींनी त्या लेथवर करून आणल्या आणि बसवल्या. मजुरी चकतीला ७५ रुपये, एकूण १८०० रुपये.

आणि काय सांगू, जमलं! सातव्या मजल्यावर तेव्हा एक निवृत्त गुरुजी राहायचे, जुन्यांना आठवत असतील. त्यांच्या वहिनींनी सगळ्या इमारतीत नारळाच्या वड्या वाटल्या.

(इथे एक सांगून टाकतो, नाहीतर इंजिनीअर मंडळी मागाहून पकडतील. चकतीचा उपयोग पाणी वाहत असतानाच. नळ बंद असेल तेव्हा दोन्ही बाजूंना दाब सारखाच. म्हणून उंच टॉवरमध्ये दाब कमी करणारे व्हॉल्व्ह लावतात. ते महाग, आणि त्यांची देखभाल करावी लागते. तिथे आगीच्या लाइनीवर खालच्या मजल्यांना मात्र चकत्याही लावतात, नाहीतर होज पाइप माणसाच्या हातात राहायचा नाही.)

या भोकाची सवय आपल्याला जुनीच आहे. लग्नात घंगाळात घटिकापात्र ठेवायचे. बुडाला बारीक भोक असलेली वाटी, २४ मिनिटांत भरून बुडायची. अहोरात्रीत साठ वेळा. भास्कराचार्यांच्या लीलावतीची दंतकथा तुम्हाला ठाऊक असेल: दागिन्यातला मोती त्या वाटीत पडला, भोक बुजलं आणि मुहूर्त टळला. घरातच बघायचं तर गॅसची शेगडी बघा. पाइपगॅस आला तेव्हा माणसाने येऊन आपल्या शेगड्यांचे जेट बदलले. पाइपातला गॅस कमी दाबाने येतो आणि तितक्याच गॅसची आचही सिलिंडरच्या गॅसपेक्षा कमी, म्हणून भोक मोठं लागतं.

आता त्या गोष्टीकडे येतो.

चकत्या बसवून सहा-सात महिने झाले होते. आमच्या मुलीचा साखरपुडा ठरला. दोन खोल्यांच्या घरात चौदा माणसं. पाणी पुरेना. पहिल्या मजल्याला पूर्वी जे मिळायचं त्याची सवय झालेली होती, आता आपल्याला कमी मिळतंय असंच वाटायचं. एका रात्री सगळे झोपल्यावर मी पाना घेतला, डक्टमध्ये उतरून युनियन खोललं, चकती काढली आणि बाल्कनीत बसून हातड्रिलने भोक मोठं केलं. सहाचं नऊ. मनात म्हटलं, तीनच मिलिमीटर तर वाढवतोय, आणि चार दिवसांचा प्रश्न आहे.

बँकेतला अधिकारी मी! सहाचं नऊ केलं म्हणजे पाणी दीडपट होत नाही. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. छत्तीसचे एक्याऐंशी. सव्वादोनपट. पाइपातलं घर्षण बाजूला ठेवलं तर माझ्या घरी मिनिटाला २१ लिटर यायला हवं होतं, ते ४७ च्या घरात गेलं. ही त्या आठवड्यात म्हणाली होती, ‘अहो, पाणी बरं येतंय हल्ली.’ मी म्हटलं, हो, धरण भरलंय.

चार दिवस झाले, पाहुणे गेले. चकती तशीच राहिली. आज बदलू, उद्या बदलू. खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं.

महिन्याभरात सातव्या मजल्याच्या नळाची फुसफुस परत सुरू झाली. सातव्याला मुळात तीन मीटरचाच भार. खालून कुणी जादा ओढलं की वरच्या पाइपात दाब उतरतो आणि त्याचा पहिला मार सातव्यालाच. गुरुजी पासष्टी ओलांडलेले. ते गच्चीवर चढून टाकीचं झाकण उघडून दोरीने बादली सोडायचे आणि जिन्याने खाली न्यायचे. मी एकदा गच्चीवर पापड वाळत घालायला गेलो होतो, तेव्हा पाहिलं. त्यांच्या हातातली एक बादली मी खाली नेऊन दिली. गुरुजी म्हणाले, ‘देव तुमचं भलं करो.’

इन्स्ट्रुमेंटेशनवाले साहेब तेव्हा कामासाठी मस्कतला. कमिटीने मिस्त्रींना बोलावलं, सगळ्या चकत्या तपासा म्हणून. त्यांनी एकेक युनियन खोललं. आमच्या घराचं खोललं तेव्हा मी शेजारी उभा. त्यांनी चकती हातात घेतली, भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि परत बसवली. सभेत विचारलं तर म्हणाले, ‘सगळं बरोबर आहे.’ मग काय, सगळं बरोबर असून पाणी येत नाही म्हणजे मिस्त्रींचं कामच कच्चं, असं ठरलं. त्यांचं १८०० रुपयांचं बिल अजून द्यायचं होतं. ते रोखलं. कुणी? खजिनदाराने. व्हाउचरवर ‘काम असमाधानकारक, अदा करू नये’ असा शेरा माझ्या अक्षरात आहे. संस्थेच्या कपाटात २००४ ची फाइल अजून असेल.

पाच महिने बिल अडकलं. मग साहेब मस्कतहून परत येणार असं कळलं. हा माणूस आला की व्हर्नियर घेऊन बसणार, हे मला माहीत होतं. तेव्हा मी काय केलं? लेथवाल्याकडून १५ रुपयांत सहा मिलिमीटरची नवी चकती करून आणली आणि बसवली. मला पश्चात्ताप वगैरे झाला नव्हता, भीती वाटली होती. सातव्या मजल्याचं पाणी बरंच सुधारलं. पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये ‘मोठ्या मनाने मिस्त्रींचं बिल अदा करावे’ असा ठरावही मीच मांडला. इतिवृत्तात ‘मोठ्या मनाने’ हे शब्द आहेत. मिस्त्री आले, पैसे मोजून घेतले, पावतीवर सही केली. त्यानंतर किती निरोप पाठवले तरी आपल्या इमारतीत कामाला आले नाहीत. गुरुजी २००९ ला मुलाकडे राहायला गेले.

रिटायर झाल्यावर वाचनाचा नाद लागला. रोममध्ये इसवी सन ९७ साली फ्रॉन्टिनस नावाचा एक अधिकारी पाणीखात्याचा प्रमुख झाला. त्याने लिहून ठेवलंय की प्रत्येक ग्राहकाला ठरलेल्या मापाची काशाची तोटी दिलेली असायची, तिच्यावर सरकारी शिक्का. तपासणीत त्याला काय सापडलं? मंजुरीपेक्षा मोठ्या तोट्या, आणि काहींवर शिक्काच नाही. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि चार दिवस उघडलं नाही.

मागच्या वर्षी एका हार्डवेअरच्या दुकानात मिस्त्री भेटले. आता स्वतः काम करत नाहीत, मुलं करतात. पूर्वी मी त्यांना अरे-तुरे करायचो. त्या दिवशी तोंडातून ‘तुम्ही’ निघालं. म्हटलं, मिस्त्री, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?

ते म्हणाले, ‘साहेब, लेथवरचं भोक आणि हातड्रिलचं भोक आंधळ्यालाही बोटाने कळतं. कडेला बुरी होती.’

मग बोलला का नाहीत?

‘तुम्ही खजिनदार. बिल तुमच्या सहीचं. आणि वहिनींनी नुकताच चहा दिला होता. चहा पिऊन तोंडावर कसं बोलायचं?’

मी दुकानातच माफी मागितली. ते म्हणाले, ‘राहू द्या. तुम्ही एकटे नव्हता. तुमच्या बिल्डिंगीत तशी तीन घरं होती.’ मी विचारलं, कुठली? ते म्हणाले, ‘तुमचं नाव तरी मी कुठे सांगितलं?’

तर मंडळी, यंदा जुन्या लाइनी काढून नव्या टाकायचा ठराव झालेला आहे. साहेब म्हणतात आपल्या उंचीला चकत्या पुरेशा आहेत, व्हॉल्व्हची गरज नाही. माझी सूचना एवढीच, आणि ती मी लेखी दिली आहे: या वेळी चकत्या दांडीच्या करा. दांडी युनियनच्या बाहेर दिसली पाहिजे, तिच्यावर माप कोरलेलं पाहिजे, आणि डक्टचं दार उघडलं की मजल्यावरच्या पोराटोरालाही वाचता आलं पाहिजे. खर्च थोडा वाढेल. तो वाढीव खर्च मी देणार आहे. आणि काम मिस्त्रींच्या मुलांना विचारावं. ते येतील की नाही हे त्यांच्यावर.

२००४ ची ती फाइल काढून माझ्या शेऱ्याखाली दुरुस्ती लिहायची परवानगी कमिटीने द्यावी, ही दुसरी विनंती.

आणि ही ती चकती. इतकी वर्षं माझ्या हत्यारांच्या डब्यात होती. इथे टेबलावर ठेवतो, जाताना बघून घ्या. मुलांनो, हात लावताना जपून, बुरी अजून लागते. टेबल मोठं आहे, आणखी दोन चकत्या कुणाला ठेवायच्या असतील तर जागा आहे.

गणपतीबाप्पा मोरया.